परसातल्या कोंबड्या: संध्याकाळी दार कोण लावणार?

तावरजाकाठ (लातूर)
9 फेब्रुवारी, रात्री 9:40

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या चार घरांनी माझ्याकडे पिल्लं मागितली. दोघांना दिली, दोघांना नाही म्हटलं. ज्यांना नाही म्हटलं ते नाराज झाले. का नाही म्हटलं हे दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत त्यांनी आपापलं लिहा, ज्यांना आणायच्या आहेत त्यांनी बिनधास्त विचारा.

आमचं घर औसा रोडच्या आतल्या गल्लीत. मागं परस आहे, त्यात एक शेवगा, एक कढीपत्ता आणि धुण्याचा दगड. पाच वर्षांपूर्वी सासूबाई निलंग्याकडच्या माहेराहून येताना डालग्यात, म्हणजे बांबूच्या टोपलीत, तीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) घेऊन आल्या. तोवर मी कोंबडीला कधी हात लावला नव्हता. आज सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. नावं मुलानं ठेवली. टिकली, कवडी, शेवंती, भुरी, उलट्या पिसांची ती झिपरी, आणि दोन बहिणी थोरली-धाकली.

आधी सुखाचं सांगते. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आठही जण पंख ताणत बाहेर पडतात आणि दिवस सुरू होतो. टिकली चहाच्या वेळी पायरीवर येऊन बसते, मांडीवर घेतलं की डोळे मिटते. शेवंतीचं अंडं घालून झालं की पाच मिनिटं ओरडणं चालतं आणि बाकीच्याही तिच्या सुरात सूर मिळवतात. दुपारी सगळ्या शेवग्याखाली खड्डे करून मातीत लोळतात. मुलगा शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी परसात जातो. सासरे गेले त्या वर्षी सासूबाई घरात कुणाशी फारसं बोलत नव्हत्या. कोंबड्यांशी बोलायच्या. दाणे टाकताना दिवसभराचं सगळं सांगायच्या. त्या वर्षी या पाखरांनी आमचं घर सांभाळलं, असं मी मनापासून म्हणते.

आता दुसरं. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. परत यायला रात्रीचे अकरा वाजले. मला वाटलं नवऱ्यानं दार लावलं, त्याला वाटलं मी लावलं. खुराड्यात चार कोंबड्या मरून पडल्या होत्या. रानमांजरानं पाचवी नेली होती, या चार नुसत्या मारल्या होत्या. अंधार पडला की कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, ती दांडीवरून हलत नाही, बसल्या जागी मरते. वाचल्या त्या दोघी, टिकली आणि कवडी, छताच्या वाशावर चढून बसल्या होत्या. मुलानं चारही कोंबड्या शेवग्याखाली पुरायला लावल्या. तो तेव्हा आठ वर्षांचा होता.

म्हणून पिल्लं मागायला आलेल्याला मी एकच विचारते. संध्याकाळी दार कोण लावणार? दिवाळीला गावी गेल्यावर, दवाखान्यात कुणी असल्यावर, पाऊस धो धो पडत असताना? ज्या दोन घरांनी "बघू, होईल काहीतरी" म्हटलं त्यांना मी पिल्लं दिली नाहीत.

आणि अंड्यांच्या हिशोबानं आणणार असाल तर आणू नका. आपली गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, मधे खुडूक होते (अंडी घालणं थांबवून उबवायला बसते), पिसं झडतात तेव्हा महिना-दीड महिना काहीच देत नाही.

गोदातीर (नांदेड)
9 फेब्रुवारी, रात्री 10:15

ताई, वाचून घशात आवंढा आला. आमच्याकडं मुंगसानं भर दुपारी तीन पिल्लं नेली होती. लोक समजतात धोका रात्रीच असतो. मुंगूस दिवसा येतं, घार आणि शिकरा दिवसा येतात, रानमांजर आणि उदमांजर रात्री. साप अंड्यांना आणि पिल्लांना दोन्ही वेळी. कोंबड्याची जाळी घेऊ नका, ती नुसती कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश घ्या आणि चारी बाजूंनी फूटभर जमिनीत गाडा. घूस आणि मुंगूस खालून उकरून येतात.

उदगीरचा पशुसेवक (उदगीर)
9 फेब्रुवारी, रात्री 11:02

मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. तावरजाकाठ ताईंनी दाराचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. मी लसीचं लिहितो, कारण परसातल्या कोंबड्या मांजरापेक्षा जास्त मानमोडीनं मरतात.

मानमोडी म्हणजे पुस्तकातला राणीखेत. कोंबडी सुस्त होते, हिरवट पातळ शिट टाकते, तोंड उघडून श्वास घेते, मग मान पिळवटते. आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं होतं. यावर औषध नाही. लस आहे, आणि ती स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. दोन आठवड्यांना गंबोरो या दुसऱ्या आजाराची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा परत. सहाव्या आठवड्याच्या आसपास देवीची लस. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, ही राणीखेतचीच पण सुईनं द्यायची.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तुमच्या घरात आठच पाखरं. मग काय करायचं? गल्लीतल्या, वस्तीवरच्या सगळ्यांनी एक दिवस ठरवायचा. मी नोकरीत असताना गावात दवंडी द्यायला लावायचो, सकाळी सातच्या आत सगळ्यांनी डालगी झाकून ठेवायची, म्हणजे पकडापकडी होत नाही. लस आणताना थर्मासमध्ये बर्फात आणा. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका, विहिरीचं किंवा बोअरचं घ्या आणि त्यात थोडी दूध पावडर मिसळा.

आजारी कोंबडीला घरातल्या माणसाच्या गोळ्या ठेचून देऊ नका. हे मी दर महिन्याला बघत आलो.

माळवद (बीड)
10 फेब्रुवारी, सकाळी 8:20

नमस्कार. माझी मदत करा. माझ्याकडं सहाच महिने झाले कोंबड्या आणून. एक कोंबडी गेले चार दिवस टोपलीतून उठेना. हात लावला की अंग फुगवते, गुरगुरते, टोचते. खायला फारसं येत नाही. पोटाखालची पिसं उपटून काढलीत. मी घाबरलेय, मानमोडी तर नाही ना? शेजारच्या मावशी म्हणल्या नाकात पीस घाल, सुधारेल. मला ते काही करवेना.

बालाघाट (अंबाजोगाई)
10 फेब्रुवारी, सकाळी 8:41

आजारी नाही गं. खुडूक झालीय ती. नाकात पीस घालू नकोस, जनावराला उगं त्रास.

तावरजाकाठ (लातूर)
10 फेब्रुवारी, दुपारी 1:10

@माळवद, अभिनंदनच म्हणायचं. खुडूक झालेली कोंबडी दिवसातून एकदा उठते, भराभर खाते, पाणी पिते, भलीमोठी दुर्गंधी येणारी शिट टाकते आणि परत बसते. पोटाची पिसं काढते ती अंड्यांना अंगाची ऊब थेट लागावी म्हणून.

तुझ्यापुढं दोन वाटा आहेत. पिल्लं नको असतील तर तिला खालून हवा खेळेल अशा जाळीच्या पेटीत, उजेडात, तीन-चार दिवस ठेव, दाणापाणी दे, पोट गार राहिलं की तिचं खूळ उतरतं. पिल्लं हवी असतील तर रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसव. पण आधी ठरव, निघालेल्या पिल्लांतले अर्धे कोंबडे असतात. त्यांचं काय करणार?

माळवद (बीड)
10 फेब्रुवारी, दुपारी 2:35

हो, तेच घरात बोलणं झालं. यांचे मामा गेवराईला शेतात राहतात, त्यांना दोन कोंबडे हवेत, कापणार नाही असं कबूल केलंय. बसवावं असं सगळ्यांचं म्हणणं. मुलगी चौथीला आहे, ती तर झोपायलाच तयार नाही. माझ्याकडं कोंबडा आहे, म्हणजे अंडी चालतील ना? फ्रिजमध्ये बारा आहेत.

उदगीरचा पशुसेवक (उदगीर)
10 फेब्रुवारी, दुपारी 3:20

फ्रिजमधली नको. रोजची ताजी गोळा करा, निमुळतं टोक खाली ठेवून, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. सात दिवसांच्या आतली असावीत. फार मोठी, फार लहान, तडकलेली, खडबडीत कवचाची बाजूला काढा. धुऊ नका, कवचावर एक नैसर्गिक थर असतो तो धुतला की जंतू आत शिरतात. (खायच्या अंड्यांनाही हेच, धुवायचं ते वापरायच्या वेळी.) गावरान कोंबडीखाली दहा-अकरा पुरेत. तोवर तिच्याखाली एखादं खुणेचं अंडं राहू द्या, म्हणजे ती उठून जाणार नाही.

बसवायची ती संध्याकाळी. सगळी एकदम, म्हणजे सगळी पिल्लं एकाच दिवशी निघतात. सातव्या दिवशी रात्री अंधारात अंड्यामागं टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरलाय. नुसतं स्वच्छ पिवळं दिसलं की ते काढून घ्या.

बालाघाट (अंबाजोगाई)
10 फेब्रुवारी, रात्री 8:05

आमच्या आज्जी रवण घालताना टोपलीत राख, वर गव्हाचं काड आणि एक लोखंडाचा तुकडा ठेवायच्या. गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंड, असं त्या म्हणायच्या. लोखंडाचं मला माहीत नाही, पण राखेनं पिसवा येत नाहीत हे मी स्वतः बघितलंय. आज्जी गेल्या, तो खिळा अजून आमच्या देवघरातल्या डब्यात आहे. मी आजही ठेवते.

कयाधू (छत्रपती संभाजीनगर)
11 फेब्रुवारी, सकाळी 11:30

मूळची हिंगोलीची, सध्या संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहते. गच्ची आमच्या वाट्याला आहे. दोन कोंबड्या गच्चीवर ठेवता येतील का? लहानपणी आजोळी खूप होत्या, फार आठवण येते. कोंबडा नको, आवाजामुळं. कोंबडा नसला तर अंडी देतात का?

गोदातीर (नांदेड)
11 फेब्रुवारी, दुपारी 12:04

कोंबडा नसला तरी अंडी देतात. फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.

तावरजाकाठ (लातूर)
11 फेब्रुवारी, रात्री 9:15

@कयाधू, तुझी ओढ मला कळते. पण गच्चीला माझं मन होत नाही, आणि खरं तेच सांगते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो आणि गच्चीची फरशी त्याहून कितीतरी जास्त तापते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकून आणि पंख अंगापासून दूर धरून अंग गार करते. तिचं शरीरच मुळात 41-42 अंशांचं असतं. हवा 40 च्या वर गेली की तिला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. आमची पहिली धाकली मी अशीच घालवली. आमच्या खुराड्याला तेव्हा नुसता पत्रा होता. मी दुपारी एक वाजता पाणी बदलून आले आणि तीन वाजता ती पाय ताणून पडली होती. माझी चूक होती, मी ती विसरले नाही.

आता आम्ही काय करतो ते लिहिते. पत्र्यावर हातभर कडब्याचा थर आणि त्यावर पऱ्हाट्या. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा कूड, त्याला गोणपाट लावून दिवसातून चार वेळा भिजवतो. पाणी प्लास्टिकच्या भांड्यात नाही, मातीच्या परळात, सावलीत, तीन ठिकाणी. उन्हाळ्यात कोंबडी नेहमीच्या दुप्पट पाणी पिते. दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर, दुपारी नाही, कारण पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. फार कडक दिवशी पाण्यात चिमूटभर मीठ आणि गूळ. धापा टाकणारी कोंबडी दिसली तर तिचे पाय आणि तुरा साध्या पाण्यानं ओले करायचे, बर्फाच्या पाण्यात बुडवायची नाही.

लातूरकर म्हणून आणखी एक. 2016 च्या एप्रिलमध्ये आपल्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हा आमच्याकडं कोंबड्या नव्हत्या, पण त्या उन्हाळ्याची आठवण ठेवूनच मी ठरवलंय, आठच्या वर पाखरं ठेवायची नाहीत. घरच्या पाण्यातून आठ जणांना पुरेल एवढं कुठल्याही उन्हाळ्यात निघतं.

दुधनाकाठचा (परभणी जिल्हा)
12 फेब्रुवारी, सकाळी 6:50

मान उघडी असलेली जी गावरान जात असते ना, मानेवर पिसं नसलेली, ती घ्या लोकहो. दिसायला लोकांना आवडत नाही, पण आपल्या उन्हात तीच टिकते. अंगावर पिसं कमी, त्यामुळं उष्णता लवकर बाहेर पडते. माझ्याकडं चार आहेत. मे महिन्यात बाकीच्या सावलीला पडून असतात तेव्हा ह्या चारी चरायला बाहेर.

दाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडं सोयाबीन आणि कापूस घरोघरी. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना टाकू नका, त्यातला एक घटक त्यांना प्रथिनं पचू देत नाही. भाजून किंवा शिजवून चालतं, पेंड चालते. सरकी तर अजिबात नको. सरकीतल्या गॉसिपॉलनं अंड्याचा बलक ठेवल्यावर हिरवट-तपकिरी पडतो आणि पाखराची तब्येतही जाते. ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी हे आपलं खरं खाद्य. दिवसाला एका कोंबडीला सगळं मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं, परसात किडे-मुंग्या, गवत मिळत असेल तर त्याहून कमी. घोळ, तांदुळजा, लसूणघास, शेवग्याचा पाला टाका, बलक केशरी होतो. आणि कवचासाठी शिंपल्याचा चुरा किंवा अंड्याचीच टरफलं भाजून, कुस्करून, वेगळ्या वाटीत ठेवा. जिला लागतं ती खाते.

कयाधू (छत्रपती संभाजीनगर)
12 फेब्रुवारी, दुपारी 4:00

तावरजाकाठ ताई, खरं सांगितलंत म्हणून बरं वाटलं. गच्चीचा विचार सोडला. पण आजोळी अजून मामी एकटी राहते, तिच्याकडं परस आहे. तिला विचारते, दोन आणून द्यायच्या का म्हणून. कुठून आणाव्यात?

उदगीरचा पशुसेवक (उदगीर)
12 फेब्रुवारी, रात्री 7:45

आठवडी बाजारातून पहिल्यांदा नको. तिथं दहा गावांची पाखरं एका जाळीत असतात, आजार तिथूनच घरी येतो. गावातल्या ओळखीच्या घरून घेतलेली सगळ्यात चांगली. पिल्लांपासून सुरुवात करायची असेल तर संभाजीनगरला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, चौकशी करा. वनराजा, गिरिराज अशा सुधारित जाती गावरानपेक्षा जास्त अंडी देतात, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली, वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. पण ह्या जड असतात, खुडूक कमी होतात, उडून बचाव करण्यात गावरानच्या मागं. मामींना माया लावायला पाखरू हवं असेल तर गावरानच घ्या. कडकनाथच्या जाहिरातींना भुलू नका. जात उत्तम आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाळायची ती आवड म्हणून, दुप्पट-तिप्पट पैशाच्या आशेनं नको.

नवीन पाखरू आणलं की दोन-तीन आठवडे जुन्यांपासून वेगळं ठेवा.

दुधनाकाठचा (परभणी जिल्हा)
13 फेब्रुवारी, रात्री 9:30

हे लिहावं की नाही असं दोन दिवस वाटत होतं. लिहितो.

जानेवारी 2021 मध्ये आमच्या तालुक्यात मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या एकाएकी मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. गावापासून एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरं नष्ट करायचा हुकूम झाला, दहा किलोमीटरपर्यंत खरेदी-विक्री आणि ने-आण बंद. आम्ही एक किलोमीटरच्या बाहेर होतो, म्हणून आमची वाचली. पण ओळखीतल्या एका म्हातारीची बाजूच्या वस्तीवर पाच होती. पीपीई किट घातलेली माणसं आली आणि घेऊन गेली. तिला नुकसानभरपाईचा कागद वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "पैशाचं काय करू, सकाळी मला उठवायचं कोण?" मला तिचा चेहरा अजून दिसतो.

ती माणसं चुकीची नव्हती. तसं केलं नसतं तर आजार सगळ्या जिल्ह्यात गेला असता. मी हे लिहितो ते एवढ्यासाठी की पाळीव म्हणून पाखरू आणताना हेही मनात धरा. तुमची टिकली आणि पोल्ट्रीतली कोंबडी यात आजार फरक करत नाही, आणि कायद्यालाही करता येत नाही.

उदगीरचा पशुसेवक (उदगीर)
13 फेब्रुवारी, रात्री 10:10

बरोबर लिहिलंत. जानेवारी 2025 मध्ये आमच्या उदगीर शहरात कावळे मरून पडायला लागले, भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालात बर्ड फ्लूच निघाला. म्हणून सगळ्यांना सांगणं: परसात किंवा आसपास कावळे, बगळे, कोंबड्या अशा एकापाठोपाठ मेल्या तर हात लावू नका, गाडून टाकून गप्प बसू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. लपवलं की पसरतं. कोंबड्यांचं दाणापाणी आडोशाला ठेवा, म्हणजे जंगली पाखरं त्यात चोच घालणार नाहीत. आपण खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवावी. अंडं नि मटण नीट शिजवलं की विषाणू मरतो, त्याची भीती नको.

मुलांना सवय लावा, कोंबडीला हाताळलं की साबणानं हात धुवायचे. मुलं लाडानं चोचीला तोंड लावतात, ते नको.

माळवद (बीड)
16 फेब्रुवारी, रात्री 8:30

आज संध्याकाळी दिवेलागणीला अकरा अंडी बसवली. टोपलीत राख, काड आणि बालाघाट काकूंचं वाचून मुलीनं हट्टानं एक खिळाही ठेवला. कोंबडीनं पायानं अंडी एकेक करून पोटाखाली ओढून घेतली. आम्ही तिघं दम धरून बघत होतो.

बालाघाट (अंबाजोगाई)
16 फेब्रुवारी, रात्री 8:50

छान केलंस माय. आता रोज मोजू नको, टोपली हलवू नको.

गोदातीर (नांदेड)
19 फेब्रुवारी, रात्री 10:20

शेजाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. आमचा कोंबडा पहाटे चारला आरवायचा. मागच्या घरात बारावीची मुलगी होती. तिच्या वडिलांनी दोनदा सांगितलं, मी दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा भांडण झालं. चूक माझीच होती. आता कोंबडा रात्री अंधाऱ्या, जाड भिंतीच्या खोलीत असतो, सकाळी सातला बाहेर. आणि दर पंधरवड्याला त्यांच्या घरी सहा अंडी जातात. ती मुलगी आता सुट्टीत आली की आधी कोंबड्या बघायला येते.

वासाचं म्हणाल तर खुराडं कोरडं असलं की वास येत नाही. खाली लाकडाचा भुसा किंवा तूस चार बोटं जाड, आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं, ओलं झालेलं काढून टाकायचं. पावसाळ्यात याकडं दुर्लक्ष झालं की पिल्लांना रक्ती हगवण लागते. काढलेलं खत लगेच झाडाला घालू नका, मुळं जळतात. चार-सहा महिने कुजवून घाला. आमची वांगी बघायला या.

दुधनाकाठचा (परभणी जिल्हा)
20 फेब्रुवारी, सकाळी 7:10

रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या, लाकडाच्या फटी बघत जा. दिवसा काही दिसत नाही, कोंबडीच्या गोचिड्या दिवसभर फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडीचा तुरा फिका पडायला लागला आणि कारण सापडेना तर आधी फटी बघा. चुना लावून फटी बुजवा.

अजून एक. माझ्याकडं असीलचा एक कोंबडा आहे. झुंजीसाठी मागायला माणसं येतात, चांगले पैसे सांगतात. 1960 च्या पशू क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी दिला नसता. तो माझ्या नातवाच्या मागं मागं शाळेच्या फाटकापर्यंत जातो.

तावरजाकाठ (लातूर)
22 फेब्रुवारी, रात्री 9:00

आमच्या कोंबड्याची गंमत सांगते. घार दिसली की तो एक लांब, बारीक शीळ घातल्यासारखा आवाज काढतो आणि सगळ्या जणी जागच्या जागी झाडाखाली दबून बसतात. कुत्रं किंवा मांजर आलं की आवाज वेगळा, तुटक, कटाक-कटाक असा, आणि तेव्हा सगळ्या माना वर करून उभ्या राहतात. कित्येक महिने ऐकल्यावर मला फरक कळला. नंतर वाचलं की शास्त्रज्ञांनीही हे तपासलंय, वरून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबड्यांची हाक वेगळी असते. आता मी स्वयंपाकघरात असले तरी आवाजावरून कळतं, वर बघायचं की खाली.

आणि कवडीबद्दल. ती सासूबाईंनी आणलेल्या पहिल्या तिघींतली. गेल्या दिवाळीपासून तिनं अंडं दिलेलं नाही. आखाडात पाहुणे आले की कुणी ना कुणी म्हणतंच, म्हातारी झाली, आता कशाला ठेवता. आम्ही मांसाहारी आहोत, बाजारातून आणलेलं चिकन घरात शिजतं, म्हणून त्यांना माझं बोलणं पटत नाही. पण नाव ठेवलेली, मांडीवर बसलेली कोंबडी आमच्या घरात कापली जाणार नाही, हे पहिल्याच वर्षी ठरलं. नीट सांभाळली तर कोंबडी सात-आठ वर्षं जगते आणि अंडी मात्र दोन-तीन वर्षांनी झपाट्यानं कमी होतात. उरलेली वर्षं तिची असतात. पिल्लं मागणाऱ्यांना मी आता हेही आधी विचारते.

कयाधू (छत्रपती संभाजीनगर)
1 मार्च, दुपारी 12:20

मामीला विचारलं. आधी नको म्हणाली, मग रात्री तिचाच फोन आला, "खुराडं कुठल्या तोंडाला बांधावं गं?" काय सांगू?

गोदातीर (नांदेड)
1 मार्च, दुपारी 12:45

दार पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं आणि दुपारचं येत नाही. आत प्रत्येक पाखराला दोन चौरस फूट, बसायला दांडी जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. आणि मामींना वाकावं लागणार नाही एवढं उंच बांधा.

माळवद (बीड)
8 मार्च, रात्री 11:15

सातव्या दिवशी टॉर्च लावून दोन बाजूला काढली होती, नऊ राहिली. आज विसावा दिवस. मुलीनं टोपलीला कान लावला तर आतून बारीक चिवचिव. अंडं अजून फुटलेलं नाही, आतूनच आवाज. कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देतेय. काही करायचं का? टरफल काढायला मदत करू?

उदगीरचा पशुसेवक (उदगीर)
8 मार्च, रात्री 11:22

काही करू नका. पिल्लू स्वतः फोडून येऊ द्या, बारा-पंधरा तास लागले तरी चालेल. घाईनं सोललं तर रक्तस्राव होतो. निघाल्यावर लगेच खायलाही घालू नका, पोटात बलक असतो, दोन दिवस त्याच्यावर निघतात. पाणी मात्र उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून, म्हणजे बुडणार नाहीत. पाचव्या दिवशी लस. कुणाकुणाला लस हवी ते शेजारीपाजारी आत्ताच विचारून ठेवा.

माळवद (बीड)
9 मार्च, संध्याकाळी 7:05

आठ निघाली. एक अंडं तसंच राहिलं, मुलीनं ते तुळशीजवळ पुरलं. दोन काळी, एक कवड्या रंगाचं, बाकी पिवळी, आणि त्यातल्या एकाच्या मानेवर पिसंच नाहीत! सगळी आईच्या पंखाखाली गेलीत, मधूनच एखादं डोकं बाहेर येतं. शेजारच्या तीन घरांची मिळून बावीस पाखरं झाली लसीसाठी, शुक्रवारी सकाळी सातला सगळे डालगी झाकून ठेवणार.

आत्ता दार लावून आले. मुलगी परत एकदा कडी बघायला गेलीय.